ठासणी कुणाच्या घरी

शेवगाव, २६ मे १९७४

दादा,

जवळजवळ बारा वर्षांनी लिहिते आहे. खुशाली विचारत नाही. विचारली तरी तू कळवणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. काम आहे म्हणून लिहिते.

तुला आबासाहेबांचं पत्र येईल, कदाचित तारच येईल. आबासाहेब आपल्याच गावचे, खालच्या आळीतले. तू दिल्लीला गेलास तेव्हा ते सायकलवरून दूध घालत होते. आता साखर कारखान्याचे संचालक आहेत आणि देवळापर्यंत जायचं तरी जीप काढतात. राजस्थानात अणुस्फोट झाल्याची बातमी रेडिओवर आली त्या दिवसापासून त्यांच्या अंगात वारं भरलं आहे. भैरोबाच्या पारापुढे अभिनंदनाची सभा घ्यायची, मंत्री आणायचा आणि मंत्र्याच्या हस्ते आपली उखळी, ती यात्रेतली बुटकी तोफ, उडवायची, असा बेत आहे.

परवा ते थेट माझ्या शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले, "विजयाताई, दारू नगरहून मागवलीय. काडेपेटी खिशात हाय. ती ठासायला ठासणी तेवढी द्या."

मी विचारलं, "कशासाठी?"

"आता काय सांगावं! देशानं एवढा आटमबाँब उडवला, आन् आपण एक उखळी उडवू नये व्हय?"

"सरकार म्हणतं तो बाँब नाही. शांततेसाठी केलेला स्फोट आहे."

"मंग आमची उखळी बी शांततेचीच हाय की!"

सगळे शिक्षक हसले. मलाही हसू आलं होतं, पण मी ठासणी दिली नाही म्हणजे नाहीच. तेव्हा जाता जाता ते म्हणाले, "तुमी सासरी गेलेल्या, ताई. मान सुमंतरावांचा. ते दिल्लीत संरक्षण खात्यात मोठ्या खुर्चीवर हायेत. त्यांची एक तार आली की तुमाला द्यावीच लागंल."

हे खरं आहे, म्हणूनच लिहिते. तुझी तार आली तर गाव तुझं ऐकेल. ठासणी माझ्या घरी असली तरी ती कुलकर्ण्यांची आहे, आणि कुलकर्णी तू. दुसरा गज करून घेता येणार नाही का? येईल. पण आपल्या ठासणीखेरीज उखळीला गाव हात लावत नाही, एवढी रीत अजून शिल्लक आहे.

तू देऊ नकोस. अण्णांनी एकदा दिली नव्हती. वडील गेले तरी त्यांचा तो नकार अजून जिवंत आहे. त्या एका नकारावर मी गेली वीस वर्षं भाषणं करते आहे. सेवा दलाच्या शिबिरात, नगरच्या चौकात, दुष्काळात पाथर्डीच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायकांपुढे, सगळीकडे. अण्णांच्या शोकसभेतही तेच बोलले होते. तू मधूनच उठलास आणि त्याच दिवशी गाडी धरलीस. का, ते मी आजवर विचारलं नाही. आजही विचारत नाही.

खोटं कशाला बोलू, रेडिओवर बातमी ऐकली तेव्हा माझीही छाती फुगली. आमच्या ह्यांनी, गोरक्षनी, बैल सोडता सोडता विचारलं, "पण ते उडवायचं का न्हाई, हे ठरवायचं कुणी?"

विजया


शेवगाव, ९ जून १९७४

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी! "उखळीचा नियम नेमका कसा होता, तो लिही. मला काही गोष्टी नीट आठवत नाहीत. भाषण नको." खाली सहीसुद्धा कचेरीतल्यासारखी, आडवी.

बरं, भाषण नाही. नियम लिहिते.

उखळी एकाच्या हातानं उडायची नाही. तीन घरं लागायची. दारू पाटलांच्या माडीवर, कोरड्या मडक्यात. ठासणी आपल्या घरी, माजघराच्या खुंट्यांवर आडवी. आणि विस्तव गुरवाच्या हातचा, तोही भैरोबाच्या नंदादीपावरचाच. चुलीतला चालायचा नाही, काडेपेटीचा तर नाहीच. मागणारा प्रत्येक दारात स्वतः जायचा. प्रत्येक दारात त्याला एकच विचारायचं, "कशासाठी?" उत्तर पटलं तर द्यायचं, नाही पटलं तर दार लावून घ्यायचं. एकानं दिलं म्हणून दुसऱ्यानं द्यावं असं बंधन नाही. तिघांनी आपसात आधी बोलायचं नाही. पणजोबांच्या काळात एका पाटलानं दारूच्या नशेत भाऊबंदाच्या वाड्याकडे तोंड करून उखळी डागली होती आणि गडी मेले होते, तेव्हापासून ही रीत.

हे सगळं तुला आठवत नाही? तूच तर चैत्रातल्या यात्रेच्या आदल्या दिवशी चिंचेच्या कोळानं ठासणीचं पितळी टोक घासायचास. मला हात लावू द्यायचा नाहीस. मग मी रडले की म्हणायचास, "घे, मधला भाग पूस. पण टोकाला बोट लावायचं नाही." सकाळी अण्णा ती खांद्यावर घेऊन निघायचे, तू मागे, मी तुझ्या मागे. पाटलांच्या माडीवरून मडकं उतरायचं. आई घरात राहायची. तिला आवाज सोसत नसे. ती कानात कापूस घालून फडताळाला पाठ लावून बसायची, म्हणजे बरण्या पडू नयेत. आवाज झाला की पिंपळावरचे सगळे पोपट एकदम उठायचे आणि आकाश हिरवं व्हायचं. आणि तो वास! नगरच्या बाजारात फटाक्यांच्या दुकानावरून गेले तरी अजून पाय थबकतो. वाटतं, मागे वळले तर तू असशील, काळ्या हातांनी चड्डी पुसत.

आता नियमापलीकडचं एक लिहिते, ते भाषण समजू नकोस. अण्णांचा शेवटचा आजार आठव. सन बासष्ट, ऑक्टोबर. उशाशी रेडिओ. तिकडे क्यूबावरून दोन बडे देश एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून उभे होते आणि इकडे चीन खाली उतरत होता. अण्णांनी डोळे मिटूनच विचारलं होतं, "त्यांच्याकडे किती घरं आहेत?" आपल्याला वाटलं, ताप चढला. आज मला वाटतं, ते बरोबर विचारत होते.

नंतर मी मिळेल ते वाचत गेले. अमेरिकेत म्हणे अध्यक्षाच्या मागे एक अधिकारी पेटी घेऊन फिरतो. जमिनीखालच्या कोठ्यांत दोन माणसं दोन किल्ल्या फिरवतात, आणि त्या इतक्या लांब असतात की एकाचे हात दोन्हीकडे पोचू नयेत. वाचून मला आधी आनंद झाला. म्हटलं, शहाणी माणसं आहेत. मग लक्षात आलं. किल्ल्या दोन, पण हुकूम एकाचाच. हुकूम खरा आहे की नाही एवढंच त्या दोघांनी पाहायचं. "कशासाठी?" असं विचारायची मुभा त्यांच्यापैकी एकालाही नाही.

आपल्याकडे आज तसं काही नाही. सरकार शांततेचं म्हणतं, मीही मानते. पण वस्तू तयार झाल्यावर तिची ठासणी कुणाच्या घरी, हे आधी नाही विचारायचं तर केव्हा?

झालंच भाषण. जाऊ दे. तू आबासाहेबांना 'नाही' म्हणून कळव.

विजया


शेवगाव, २३ जून १९७४

सुमंत,

दादा म्हणवत नाही आज.

तू लिहितोस, अण्णांनी ठासणी दिली होती. तू म्हणतोस, तू सोळा वर्षांचा होतास आणि त्यांच्या मागेच उभा होतास. हैदराबाद पडल्याची बातमी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं दारात आली. उखळी उचलून पिंजारगल्लीच्या तोंडाशी नेऊन तिरपी लावायची ठरली होती. निजाम तिकडे हरला होता आणि इकडे कापूस पिंजणाऱ्या सात-आठ मुसलमान घरांवर सूड घ्यायचा होता. अण्णांनी "कशासाठी?" विचारलंसुद्धा नाही, खुंटीवरून काढून दिली, असं तू लिहितोस. "पुढे उखळी का उडाली नाही ते मला माहीत नाही. मला त्याच दुपारी पुण्याला मामांकडे पाठवलं. पण ती अण्णांमुळे थांबली नाही. 'ही ठासणी कुलकर्ण्यांची नाही, न्यायाची आहे' हे वाक्य अण्णांचं नाही. ते तुझं आहे. तू ते त्यांच्या चितेवर ठेवलंस आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मला तिथे बसवेना."

मी त्या वेळी सोनईला आजोळी होते, गोवर आला होता म्हणून. परत आले तर ठासणी जागेवर होती आणि गावात एकच बोलणं, "उडली न्हाई, उडली न्हाई." ठासणी आपल्याकडे. मग कोणी थांबवली असेल? दुसरं कोण थांबवू शकत होतं?

तू अण्णांच्या शब्दाबाहेर गेला होतास, पुण्याहून राहायला परत आलाच नाहीस, म्हणून तुला ते भित्रे दिसतात. माझा तुझ्यावर विश्वास नाही.

पत्राच्या शेवटी तू वर आणखी विचारतोस, "दारू नगरहून आणली, काडेपेटी खिशात आहे, असं तू लिहिलंस. मग पाटलांना कोणी विचारलं? गुरवाला कोणी विचारलं? तू तिसरं घर आहेस की एकटंच?"

हे शहाणपण तुझ्या खात्यात शिकवत असतील.

विजया


शेवगाव, ३० जून १९७४

दादा,

मी गावात जाऊन आले. मुक्ताबाईंकडे गेले होते. पुंजाराम गुरव जाऊन पाच-सहा वर्षं झाली, त्यांचा मुलगा सहादेव आता भैरोबाची पूजा करतो. म्हातारी ओट्यावर मूग निवडत होती. मी विचारलं आणि तिनं मान वर न करता उत्तर दिलं, जणू काल कोणीतरी तेच विचारून गेलं होतं.

"व्हय. दिली हुती तुझ्या बापानं."

"मुक्ताबाई, नीट आठवून सांगा."

"त्यात आठवायचं काय? आधी पाटलानं दारू दिली. मंग तुझ्या बापानं ठासणी दिली. मंग आमच्या दारात आले. पन्नासेक माणूस, काठ्या घेऊन."

"अण्णांनी विचारलंसुद्धा नाही? कशासाठी म्हणून?"

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. "इचारणार कसा? कुनीतरी वरडलं, कुलकर्णी, तुमचं पोरगं बी निजामाचं हाय का बघू. तुझ्या बापानं मागं बघितलं. सुमंता मागं उभा, एवढंसं तोंड करून. आन् त्यानं खुंटीला हात घातला. माझा मालक पारावरनं बघत हुता, त्यानं मला सांगितलं. म्हनला, कुलकर्न्याचं काय चुकलं न्हाई, त्याचं लेकरू मधी हुतं. आपलं लेकरू मधी न्हाई."

दादा, हे तुला माहीत होतं का? ठासणी त्यांनी तुझ्याकडे बघून दिली होती. तू त्यांच्या पाठीमागे मान खाली घालून उभा असशील; त्या आरडाओरड्यात तुला ते ऐकू आलं नसेल, त्यांचा चेहराही दिसला नसेल, असं मला वाटतं. तू बारा वर्षं माझ्यावर रागावलास आणि त्याआधी चौदा वर्षं त्यांच्यावर. त्यांनी तुला त्याच दुपारी पुण्याला पाठवलं, ते तू शिक्षा समजलास.

पुढचं ऐक. पुंजाराम नाही म्हणू शकला नाही. पाटील आणि कुलकर्णी दोघांनी दिल्यावर गुरव कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? तो गाभाऱ्यात गेला. मुक्ताबाई दारातून बघत होती. त्यानं देवाच्या दिव्यावर तोंडानं फुंकर मारली. गुरवानं देवाचा दिवा फुंकरीनं विझवणं म्हणजे पापच. बाहेर येऊन म्हणाला, "दिवा शांत झाला. इस्तू न्हाई."

नियम असा की शांत झालेला नंदादीप अभिषेक केल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही, आणि अभिषेकाचं पाणी गोदावरीवरून पायी आणायचं. दोन दिवसांची वाट. माणसं ओरडली, त्याच्या थोबाडीत मारली, पण काडेपेटी काढायची कोणाची छाती झाली नाही. दोन दिवसांत डोकी निवली. आणि पाणी आलं तेव्हा उखळीजवळ कोणी नव्हतं. ठासणी कोणीतरी आपल्या ओसरीवर टाकून गेलं.

गावानं त्याचं बलुतं वर्षभर बंद केलं. देवाचा दिवा सांभाळता येत नाही म्हणून.

"त्यांनी कधी सांगितलं का नाही?"

"सांगून? फुंकर मारली म्हनून सांगायचं?" मग हसली. बोळकं तोंड, पण काय हसली! "तुझी भाषनं आयकायचा की तो. पारावर बसून. घरी येऊन म्हनायचा, कुलकर्न्याची पोर लई झ्याक बोलती."

उठताना तिनं सहादेवच्या मुलीला दिव्याच्या वाती करायला कापूस दिला. पांढराशुभ्र, पिंजलेला. मी सहज विचारलं, कुठून घेता. म्हणाली, "पिंजारगल्लीतनं येतो. त्या सालापासनं दर दिवाळीला एक पोतं. पैकं घेत न्हाईत. आमी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई."

सगळ्या गल्लीला माहीत होतं, दादा. मी त्याच गल्लीच्या तोंडाशी उभी राहून किती वेळा अण्णांचं वाक्य म्हटलं आहे. त्यांनी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या.

अण्णा माझं भाषण सुरू झालं की उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, संकोच.

विजया


शेवगाव, ८ जुलै १९७४

प्रिय दादा,

सभा काल झाली. मंत्र्यांची तारीख मिळता मिळता पेरण्या आटोपल्या, आणि शेवटी मंत्री आलेच नाहीत. त्यांचा निरोप आला, दौरा बदलला. आबासाहेबांनी जीपच्या टपावर कर्णा लावून सगळ्या वाड्यांतून माणूस जमवला होता.

तुझी तार त्यांना आदल्या दिवशी मिळाली. त्यांनी ती मला दाखवली, कपाळाला आठ्या घालून. "दिल्लीतून भैरोबाचा पार दिसत नाही. विजयाला आणि बाकी दोन घरांना विचारा." आबासाहेब म्हणाले, "ही काय परवानगी झाली व्हय? एवढ्या मोठ्या सायबाला एक हो लिहिता येईना!" मी म्हटलं, "साहेबांनी हो लिहिलं नाही, म्हणूनच मला ते साहेब वाटले."

मी ठासणी घेऊन गेले. खांद्यावर. मला वाटलं होतं जड असेल. आता म्हातारी होत चालले तरी लहानपणी वाटायची तेवढी जड नाही.

माझं भाषण होतं. लोक "ताई, अण्णांचं सांगा" म्हणत होते. मी सांगितलं. खरं ते. अण्णांनी दिली, पाटलांनी दिली, आणि पुंजाराम गुरवानं फुंकर मारली. कोणी टाळी वाजवली नाही. राधाकृष्ण पाटील, म्हणजे तेव्हाच्या पाटलांचा नातू, तो पुढच्या रांगेत होता. तो मान खाली घालून आपल्या चपलेशी बोलत असल्यासारखा म्हणाला, "आमच्या घरी बी कुनी सांगितलं न्हाई हे."

मग मी ठासणी पारावर ठेवली. म्हटलं, "आबासाहेब, कुलकर्ण्यांची हरकत मी मागे घेते. मी एकटीनं नाही म्हणत बसले, त्यात माझा दिमाख होता, नियम नव्हता. पण आता बाकीच्या दोन दारांत जा आणि विचारा."

ते कारखान्याच्या सभेत बोलतात तसे मोठ्यानं म्हणाले, "पाटील, तुमची काय हरकत?"

राधाकृष्ण उठला. "मला कुनी इचारलंच नव्हतं की आजपर्यंत. दारू नगरची हाय. आमच्या मडक्यातली न्हाई. हिची जबाबदारी मी का घ्यावी?"

"अहो, एका उखळीसाठी एवढं!"

"एका उखळीसाठीच तर हुतं सगळं," तो म्हणाला.

आबासाहेब सहादेवकडे वळले. सहादेव देवळाच्या पायरीवर उभा होता. "मी इस्तू देतो," म्हणाला, "पन आधी सांगा. कशासाठी?"

"देशासाठी!"

बायकांच्या बाजूनं मुक्ताबाईंचा आवाज आला, "देशाला इचारलंय का?"

हसायला सुरुवात बायकांकडून झाली, मग सगळी सभा. आबासाहेबही शेवटी हसले. माणूस वाईट नाही, घाई फार. पोरांनी जीपच्या मागे फटाक्यांची माळ लावली, तिचा आवाज झाला तेवढाच. ठरलं ते असं की पाटलांनी पुन्हा माडीवर मडकं ठेवायचं, आणि उखळी उडवायची की नाही ते चैत्रात, तीन दारांत जाऊन. काडेपेटी आबासाहेबांनी बिडी पेटवायला वापरली.

रात्री गोरक्षना म्हटलं, "माझं वीस वर्षांचं भाषण गेलं." ते म्हणाले, "बरं झालं. पाठ झालं हुतं आमाला."

दादा, मी लोकांना सांगत आले की एक खंबीर माणूस पुरतो. नाही पुरत. अण्णांपेक्षा चांगला माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांनी मागे उभ्या मुलाकडे बघून दिली. उद्या या देशात त्या वस्तूची ठासणी ज्याच्या घरी असेल, तोही चांगलाच असेल, असं धरून चालू. त्याच्याही मागे कुणीतरी उभं असेल. दारात माणसं असतील, ओरडत असतील. तेव्हा पुढच्या दारात जो बसला असेल, त्याला आधीच्या दोघांनी दिलं आहे हे माहीत असूनही, आपला दिवा विझवता आला पाहिजे. आणि त्यानं तो विझवला म्हणून त्याचं बलुतं बंद होता कामा नये. मी कुठेही बोलायला उभी राहिले तर आता हेच बोलेन. शब्द साधेच राहतील, टाळ्या येवोत न येवोत.

तुझ्या कचेरीत काय चालतं ते मी विचारणार नाही. नियमाबद्दल तू पहिल्या पत्रात एवढं नेमकं का विचारलंस, हेही नाही. पण तिथे गुरवाचं घर आहे का, एवढं मला जाणून घ्यायचं आहे. असेल, तर उत्तर लिहू नकोस. गुपित असेल, मी समजून घेईन, आणि गप्प राहीन. मला ते किती अवघड जातं तुला माहीत आहे.

नसेल, तर रजा काढ आणि ये. आपल्याला दोघांनाही बसून बोलावं लागेल.

तुझी
विजया